नाणं घासू नका, दिवा हलवा

आत्याच्या पेटीतली नाणी आम्हा भावंडांत वाटायची ठरली तेव्हा सगळ्यांनी एकच अट घातली, वाटणीआधी प्रत्येक नाण्याचा छापा-काटा दोन्ही बाजूंनी नीट फोटो पाहिजे, म्हणजे कुणाकडे काय गेलं तरी बघायला सगळ्यांकडे सगळं राहील. कॅमेरा माझ्याकडे म्हणून काम माझ्याकडे आलं आणि मला ते मनापासून हवंच होतं. पेटीत शिवराया होत्या, ढब्बू पैसे, भोकाचे पैसे, राणीछाप रुपये, पंचम जॉर्जचे रुपये, १९६९ चा गांधीजींचा दहा रुपयांचा चांदीचा, टांकसाळीचा एक प्रूफ सेट (संग्रहासाठी खास पाडलेली, आरशासारखी चकचकीत नाणी), आणि सगळ्यात खाली कापडात गुंडाळलेलं पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं मेडल, रिबिनीसकट. म्हणजे तांबं, ब्राँझ, चांदी, निकेल सगळं आलं, आणि एक दिवा एका जागी ठेवून सगळ्यांचे फोटो उरकायचे असं इथे होत नाही, प्रत्येक धातूला वेगळा उजेड लागतो.

फोटो काढतोय म्हटल्यावर आत्या लगेच म्हणाली, "आरं मग आधी चिंच लावून लख्ख कर की, मग काढ." घरोघरी हेच करतात, तांब्याला चिंच, चांदीला रांगोळी नाहीतर भांड्याची पावडर. मी म्हटलं आत्या नको, चिंचेतलं ॲसिड नुसता मळ काढत नाही, वरचा तपकिरी थरच खातं, आणि तो थर म्हणजे घाण नाही, शंभर-दोनशे वर्षांत तांब्याने स्वतःवर धरलेलं कातडं आहे, ते गेलं की खालचं गुलाबी तांबं उघडं पडतं आणि नाणं परत काळं पडायला लागतं ते डागाडागाने. नुसतं सांगून तिला पटलं नसतं म्हणून दोन राणीछाप रुपये शेजारी ठेवले, एक दर लक्ष्मीपूजनाला घासलेला आणि एक वर्षानुवर्षं पेटीत तसाच पडलेला. दिवा अगदी टेबलाला टेकवून आडवा धरला. घासलेल्या रुपयावर राणीच्या गालापासून कडेपर्यंत बारीक बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, बोट जसं फिरलं तशा. न घासलेला काळपट होता, पण मुकुटाच्या आतली नक्षी, कपड्यावरची फुलं सगळी जागेवर. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत बसली, म्हणाली "हे तर ओरखडेच की रे." त्यानंतर चिंचेचा विषय निघाला नाही.

मग साफसफाई काहीच नाही का, तर आहे, पण ती घासायची नाही, भिजवायची. पूजेतल्या रुपयांवर हळद-कुंकू, तेल-तूप आणि धूळ यांचा मिळून एक चिकट थर बसलेला असतो, अक्षरांच्या खाचांत तर गच्च. हे सगळं परकं आहे, नाण्याचं नाही, त्यामुळे काढलं तरी नाण्याचं काही जात नाही. आधी डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं तेच, काचेच्या वाटीत रात्रभर. आमच्या बोअरचं पाणी अजिबात नाही, ज्या पाण्याने बादलीला पांढरी पुटं चढतात ते नाण्यावर वाळलं तर काय होईल विचार करा. पाण्याने धूळ सुटते, तेलकट थर सुटत नाही, त्याला ॲसिटोन. शुद्ध ॲसिटोन, कॉलेजच्या लॅबला माल देतात त्या दुकानातून आणलेलं. नेलपेंट काढायचं नाही घ्यायचं, त्यात रंग, वास, तेल काय काय असतं. ॲसिटोन तेल, मेण, चिकटपट्टीचा गोंद विरघळवतं पण धातूला हात लावत नाही. आणि हळद त्यात विरघळते, हे तर मला बघायलाच फार आवडलं, रुपया सोडल्यावर थोड्या वेळाने पारदर्शक ॲसिटोन पिवळंधमक झालं, किती दिवाळ्यांची हळद असेल ती. ते ओतून परत नवीन घेतलं, पिवळं यायचं थांबेपर्यंत. शेवटी डिस्टिल्ड वॉटरमधून काढून जुन्या मऊ धोतराच्या घडीत ठेवून वरून नुसतं दाबायचं, पुसायचं नाही. पुसलं की खाचेतून सुटलेला एखादा धुळीचा कण कापडाबरोबर फिरतो आणि रेघ ओढतो.

ॲसिटोनबद्दल एवढं लक्षात ठेवा की ते पेट्रोलसारखं भडकतं. देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांच्या आसपास नाही, मी गच्चीवर सकाळी सकाळी करायचो कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर वाटीवर झाकण नसेल तर डोळ्यांदेखत उडून जातं. प्लॅस्टिकची वाटी नको, बरीच प्लॅस्टिकं त्यात विरघळतात. मेडलची रिबीन, मिना केलेलं काही, लाखेचा नाहीतर लॅकरचा हात दिलेलं काही यांना ॲसिटोन लावायचंच नाही.

काही निकेलच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर होता, तो गंज नव्हता, मऊ प्लॅस्टिकच्या अल्बमचा होता. ते पीव्हीसीचे कप्पे कालांतराने पाझरतात. तोही ॲसिटोनने स्वच्छ निघाला. पण एका ढब्बू पैशावर फिकट हिरवी पावडर दिसली, नखाने हलवली तर सुटणारी, ती वेगळी गोष्ट. तांब्यात क्लोराइड शिरलेलं असतं आणि हवेतला ओलावा मिळाला की आतून खात जातं, याला ब्राँझ डिसीज म्हणतात. त्याला मी धुतलं नाही, बाकीच्यांपासून वेगळं काढलं.

आता फोटोकडे येऊ. कॅमेरा जुना क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर, लेन्स १०० एमएम मॅक्रो (अगदी जवळून बारीक वस्तू टिपणारी), सेकंडहँड. लांब मॅक्रो घ्यायचं कारण एकच, नाणं आणि लेन्समध्ये दिवा घुसवायला जागा लागते. ५० एमएमने लेन्स इतकी जवळ जाते की तिचीच सावली पडते. मोबाईलवाल्यांनीही हेच करायचं, जवळ नेऊन काढायचं नाही, लांबून दोन-तीन पट झूमची लेन्स वापरायची. कॅमेरा खाली बघत पक्का बसवायला स्टँड पाहिजे, तो मला एका बंद झालेल्या स्टुडिओतून मिळाला, ब्लॅक अँड व्हाइटच्या काळातल्या एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून फोटो मोठा करायच्या यंत्राचा, खांब आणि पाट. वरचं डोकं काढून तिथे कॅमेरा लावला, चक्र फिरवलं की वर-खाली होतो, यापेक्षा चांगला स्टँड विकत मिळत असेल असं मला वाटत नाही. जुन्या फोटोग्राफरांच्या माळ्यावर अजून पडलेले असतात, विचारून बघा. कॅमेरा नाण्याला समांतर आहे की नाही बघायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवायचा, स्क्रीनवर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसलं की झालं. तिरका असेल तर नाण्याची एक कड शार्प आणि दुसरी धूसर येते.

आमचं घर साखर पेठेत, मागच्या गल्लीत पॉवरलूम. लहानपणापासून तो खटखट आवाज कानात बसलेला, लक्षातही येत नाही. पण कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं थेट चित्र दहापट मोठं करून राणीच्या डोळ्यावर फोकस करायला गेलो तर डोळा स्क्रीनवर थरथरत होता, एकसारखा, लूमच्या ठोक्यावर. अख्खी फरशी हलत असते, आपल्याला कळत नाही, पण मॅक्रोला कळतं. शटर सेकंदाच्या दहाव्या भागावर असलं की सगळं पुसट. टेबलाच्या पायांखाली जाड चादरींच्या घड्या घातल्या, फरक पडला पण पुरता नाही. मग बघता बघता सापडलं की सगळ्यात उत्तम वेळ म्हणजे लाईट जाते ती. लाईट गेली की लूम बंद, गल्ली एकदम शांत, आणि माझे दिवे यूएसबीचे, पॉवर बँकेवर चालणारे. त्यानंतर पंखा बंद झाला की बाकीचे वैतागायचे आणि मी टेबलाकडे पळायचो. शेजारचे काका खिडकीतून, "काय ओ, अंधारात काय करालाव?" अंधारच तर पाहिजे होता, ट्यूबलाईटचा हिरवट उजेड आणि आपल्या दिव्याचा उजेड एकत्र झाले की तांब्याचा रंग खरा येतच नाही. लूमचा दुसरा उपद्रव म्हणजे कापसाचे तंतू. हवेत असतातच, नाण्यावर बसतात, डोळ्याला दिसत नाहीत आणि फोटोत दोरखंडासारखे दिसतात. प्रत्येक क्लिकच्या आधी रबरी फुग्याने फुंकर मारायची, तोंडाने नाही, थुंकीचा सूक्ष्म थेंब पडला तरी तांब्यावर डाग राहतो.

पण लूमनेच एक कामाची वस्तूही दिली. सुताचा रिकामा पुठ्ठ्याचा कोन. आतून काळा कागद लावून दिव्यावर बसवला की निमुळत्या टोकातून उजेडाची बारीक धार येते, पाहिजे तिथेच पडते.

नाणं सरळ टेबलावर ठेवायचं नाही, शिंप्याच्या रिकाम्या रिळावर उचलून ठेवायचं, म्हणजे सावली खाली लांब पडते आणि पार्श्वभूमी आपोआप धूसर होते. रबराच्या बुचावर नको, रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते. धरायचं नेहमी कडेने, आणि खाली मऊ कापड अंथरलेलं. सेटिंग साधं: आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ ८ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान), दोन सेकंदांचा टायमर, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल. एफ २२ वर सगळं शार्प येईल असं वाटतं पण इतक्या जवळून उलटं होतं, प्रकाश छोट्या छिद्रातून पसरतो आणि बारकावे मऊ होतात. चांदी कॅमेऱ्याला फार उजळ वाटते म्हणून तो फोटो काळसर करतो, थोडं एक्स्पोजर वाढवायचं, हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू न देता. रंगासाठी राखाडी कार्डावर (ग्रे कार्ड) व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा याचं सेटिंग, एकदा घेतला आणि दिवे बदलेपर्यंत तोच.

उजेडाचं म्हणाल तर शिवराईने मला सगळ्यात जास्त शिकवलं. छत्रपती शिवाजी महाराजांच्या या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत श्री राजा शिव आणि दुसरीकडे छत्रपति, कडेने ठिपक्यांची माळ. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे अख्खी अक्षरं क्वचितच येतात, त्यात हाताळून झिजलेलं. समोरून उजेड टाकला तर नुसती तपकिरी चकती. दिवा खाली आणत आणत टेबलापासून पंधरा-वीस अंशांवर नेला आणि 'राजा'चा काना सावलीतून वर आला, मग ज, मग वरच्या श्रीची वेलांटी. दिवा घड्याळाच्या काट्याप्रमाणे नाण्याभोवती हळूहळू फिरवायचा आणि स्क्रीनवर बघत राहायचं, एका ठिकाणी अक्षरं बोलतात, तिथे थांबायचं. शक्यतो ती जागा वरच्या बाजूची, दहा ते दोनच्या मधली असावी, कारण उजेड वरूनच येतो अशी डोळ्याला सवय आहे, खालून टाकला तर उठावाचं अक्षर खोदल्यासारखं दिसायला लागतं, चेहरा आत गेलेला वाटतो.

चांदीच्या चकचकीत, न वापरलेल्या नाण्यांचं याच्या उलट. तिथे दिवे उंच, लेन्सच्या जवळ, एक दहावर आणि एक दोनवर. नाण्यावर ठसा मारताना धातू पसरतो त्याच्या सूक्ष्म रेषा मधून बाहेर गेलेल्या असतात, त्यांच्यावरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो, ती झळाळी फोटोत आणायची तर दिवा छोटा आणि उघडा पाहिजे. ट्रेसिंग पेपर लावून मऊ केला की सगळं सपाट दिसतं. ट्रेसिंग पेपर मी फक्त खूप चमकणाऱ्या पण झिजलेल्या रुपयांना लावला.

पंचम जॉर्जच्या रुपयांत १९११ चा निघाला तेव्हा मी सगळं थांबवून त्याच्यामागे लागलो. राजाच्या झग्यावर एक हत्ती आहे, जेमतेम दिसेल एवढा, पण १९११ च्या ठशात सोंड इतकी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं, त्यावरून संताप झाला, आणि १९१२ पासून हत्तीचं चित्र बदललं. गोष्ट ऐकली होती, पण हातातल्या रुपयावर ते डोळ्यांनी दिसत नव्हतं. कोनाची धार डावीकडून खांद्यावर टाकली, मॅक्रो पूर्ण जवळ नेला, आणि १९११ व १९१२ दोन्हींचे खांदे सारख्याच उजेडात काढून शेजारी लावले. भावाला पाठवल्याबरोबर त्याचा फोन आला, इतका वेळ आम्ही एका हत्तीवर कधी बोललो नव्हतो.

प्रूफ सेटला यातलं काही चालत नाही कारण त्याची पाटी, म्हणजे नक्षीभोवतीची सपाट मोकळी जागा, आरशासारखी असते, कॅमेऱ्यापासून छतापर्यंत सगळं त्यात दिसतं. लेन्सभोवती मधे भोक पाडलेला काळा कार्डपेपर लावला, दिवे बाजूने, म्हणजे आरशात काळं प्रतिबिंब पडून पाटी काळीभोर आणि वरची खडबडीत नक्षी पांढरी उठते. वर्षाखालची मुंबई टांकसाळीची खूण इतकी स्वच्छ आली की प्रिंट काढावीशी वाटली. उलट हवं असेल, पाटी पांढरी आणि नक्षीच्या कडा गडद, तर लेन्स आणि नाण्यामध्ये फोटोफ्रेमची पातळ काच ४५ अंशांत धरायची, बाजूने दिवा काचेवर, काच तो उजेड सरळ खाली नाण्यावर पाठवते आणि कॅमेरा काचेतूनच बघतो. दिवा आणि नाण्याच्या मध्ये काळा पुठ्ठा हवा, थेट उजेड नाण्यावर पडता कामा नये, आणि काचेच्या पलीकडे काळा कागद. साध्या काचेवरून साधारण दहावा हिस्साच उजेड खाली येतो, त्यामुळे एक्स्पोजर लांब आणि परत लाईट जायची वाट.

मेडल शेवटी ठेवलं होतं. ब्रिटिश वॉर मेडल, चांदीचं, ३६ मिलिमीटर, एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे उघडा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. उठाव नाण्यापेक्षा बराच जास्त, एका फोटोत घोडेस्वार शार्प आला तर पाटी धूसर, म्हणून फोकस थोडा थोडा खाली सरकवत अनेक फोटो काढून ते कॉम्प्युटरवर एकत्र केले. रिबिनीला पाणी नाही, काही नाही, मऊ ब्रशने धूळ झटकली फक्त, रेशमाचा रंग गेला तर परत येत नाही.

खरी गोष्ट कडेवर होती. या मेडलच्या कडेला सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्याकडे पणजोबा "बसऱ्याला गेले होते" (इराकमधलं बसरा) एवढंच सांगितलं जायचं, पलटण कुणालाच माहीत नव्हती. कड वर्षानुवर्षं पुसून गुळगुळीत झालेली. मेडल दोन जाड फेल्टच्या तुकड्यांत उभं धरलं, कडेच्या वळणाला समांतर कोनाची धार सोडली आणि थोडं थोडं फिरवत तुकड्यातुकड्याने फोटो घेतले. नंबर आला, शिपाई आलं, नाव आलं, आत्याने मोठ्याने वाचलं. पुढे मराठा पलटण, आकडा ११ आणि तिसरा अंक झिजलेला, ४ की ६. अंदाजाने चालणार नव्हतं कारण ११४ आणि ११६ दोन्ही मराठा पलटणी होत्या. दिवा डावीकडून टाकला तर नुसता खड्डा, वरून टाकला तरी तेच. मग दिवा जवळजवळ कडेला चिकटवून उजवीकडून सोडला आणि एका तिरक्या रेघेने बारीक सावली टाकली, वरून डावीकडे खाली उतरणारी सरळ रेघ, आणि तिला छेदणारी आडवी. सहाला सरळ तिरकी रेघ नसते. चार. ११४. दादाने स्क्रीनवर बोट ठेवून परत परत बघितलं, मी दिवा काढला की अंक जायचा, लावला की यायचा.

आता सगळी नाणी पीव्हीसी नसलेल्या कप्प्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आहेत, प्रत्येकाचं वजन सराफाकडे करून फोटोच्या नावात लिहिलंय. राणीच्या नि पंचम जॉर्जच्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, त्यामुळे कुठला किती झिजला तेही कळतं. मेडल न वाटता आत्याकडेच ठेवायचं ठरलं. ढब्बू पैसा, तो हिरव्या पावडरीचा, वेगळ्या डबीत कोरडा ठेवलाय आणि दर महिन्याला त्याच दिव्याने, त्याच कोनातून, त्याच उंचीवरून त्याचा फोटो घेतोय. पावडर पसरतेय का हे जुना-नवा फोटो एकावर एक ठेवल्याशिवाय कळत नाही, अजून तरी पसरलेली दिसत नाही, पावसाळा गेल्यावर नक्की सांगता येईल.